एजंटसाहेबांची दुसरी किल्ली

कुलूप लावून झाल्यावर ते एकदा खाली ओढून पाहण्याचा जो आखूड, कोरडा आवाज असतो, त्या आवाजात माझे सासरे अजून राहतात. आश्विनातलं उतरतं ऊन, त्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगणारी कापसाची सूक्ष्म तूस, कामतघरच्या बाजूने अहोरात्र येणारा यंत्रमागांचा खटखटाट, आणि त्या साऱ्या कोलाहलाला निमिषभर थोपवून धरणारा तो एक ठाम हिसका. दार बंद झालं की नाही हे पाहायला इतरांना डोळे पुरतात. मामंजींचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. हाताला कळेल तेवढंच खरं, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि देव्हाऱ्यातल्या देवांपेक्षा त्या श्रद्धेची पूजा त्यांनी अधिक नेमाने केली.

भिवंडीतल्या एका बँकेच्या शाखेचे ते प्रमुख, जुन्या भाषेत एजंट. बँका सरकारजमा झाल्या, हुद्द्यांना नवी नावं आली, दारावरची पाटी बदलली. पण भाताच्या व्यापाऱ्यांत, मागवाल्यांत आणि भाजीबाजारातल्या बायकांत ते अखेरपर्यंत 'एजंटसाहेब'च राहिले. शुभ्र धोतर, काळा कोट, कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ, जणू जमा आणि खर्च यांच्यामधली. बोलणं इतकं हळू की समोरच्याला किंचित पुढे झुकावं लागे, आणि त्या झुकण्यामुळे प्रत्येकाला वाटे, साहेब आपल्याला काहीतरी खासगी सांगताहेत. प्रत्यक्षात त्यांनी कोणालाच कधी काही खासगी सांगितलं नाही. कोणाच्या घरात काय शिजतंय हे शेजाऱ्यांना वासावरून कळायचं, मामंजींना ते खात्यावरून कळत असे. आणि कळलेलं ओठांबाहेर काढायचं नाही, ही त्यांच्या पेशाची शपथ होती. दुपारी जेवायला घरी आले की ते मौनही त्यांच्याबरोबर पाटावर येऊन बसे. सासूबाई म्हणत, "आमटीत मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत. ग्राहकाचं गुपित ना."

त्यांच्या बँकेत तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं होती. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं एकत्र उभे राहिल्याखेरीज ते जड लोखंडी दार हलत नसे. बँकेत ही साधी वहिवाट, पण मामंजींनी तिच्यातून एक सबंध तत्त्वज्ञान उभं केलं होतं. एकटा माणूस प्रामाणिक राहील याची हमी देवही देऊ शकत नाही. दोघांना मात्र एकमेकांच्या नजरेमुळे प्रामाणिक राहावंच लागतं. सद्गुण हा स्वभाव नव्हे, ती व्यवस्था आहे, असं ते मानत. आयुष्यभर जे कुलूप लावलं, त्याच्या आकाराचंच जग माणसाला दिसायला लागतं, त्यातला हा प्रकार.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा दादरची, अंगात हुशारीचा ताठा असलेली एक मुलगी होते. ती आज माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग आरशाकडे पाठ करून बसायला सांगेन. तर या मुलीच्या आगमनानंतर मामंजींनी माजघरातल्या फडताळाला दोन कुलपं बसवली. आत तूप, लोणच्याच्या बरण्या, काजूचा डबा. एक किल्ली सासूबाईंना, एक मला. मी हरखून गेले. केवढा हा विश्वास, असं माहेरी जाऊन चारचौघींत सांगून आले. अविश्वासाला इतक्या कृतज्ञतेने मिरवणारी सून त्या गल्लीत पूर्वी झाली नसावी. सासूबाईंनी काही दिवस ते सोंग सोसलं आणि मग दोन्ही किल्ल्या मिसळणाच्या डब्यामागे एकाच खिळ्याला अडकवल्या. म्हणाल्या, "तू न्हाणीघरात असलीस तर मी फोडणी काय तुझ्या ओल्या केसांत घालू?" मामंजींना तो खिळा कधी दिसला नाही. किंवा दिसला असेल, आणि तिकडे पाहायचं त्यांनी टाळलं असेल.

या माणसाच्या आयुष्यात गोमीबाई आली ती एका अंगठ्यापुरती.

खारबावची गोमीबाई. गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, हातावर कोपरापर्यंत गोंदण, पायांच्या भेगांत कायमची बसलेली खाजणातली काळी माती. ती जवळून गेली तरी भरतीच्या पाण्याचा खारा वास मागे रेंगाळायचा. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा, आणि पिढ्यान्‌पिढ्या कूळ म्हणून कसलेलं भाताचं एक शेत. त्या शेतावरून जमीनमालकाशी दावा चालू होता आणि तिचे वकील होते बापूसाहेब. बापूसाहेबांचं वर्णन मी काय करावं? त्यांचा आवाज म्हणजे नुकत्या घासलेल्या तांब्यावर पडलेलं सकाळचं ऊन. त्या आवाजात त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं तरी अर्धा दावा जिंकल्यासारखं वाटे. कोर्टाच्या आवारात त्यांच्याभोवती खेड्यांतल्या माणसांचं कोंडाळं असायचं, आणि ते प्रत्येकाच्या खांद्यावर असा हात ठेवायचे की त्या माणसाला आपला खांदाच नवा वाटे.

पुढे काय घडलं ते मला तुकड्यातुकड्यांनी, बरंचसं खुद्द गोमीबाईकडून कळलं. बापूसाहेबांनी एके दिवशी तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला आणि तिच्या नावाने आलेले पैसे काढायला तिला घेऊन ते बँकेत आले. अडाणी माणसाला पैसे द्यायचे तर अधिकाऱ्यासमोर अंगठा, ओळख पटवायला प्रतिष्ठित माणूस, शिवाय साक्षीदार, असा नियम. मामंजींनी तो अक्षरशः पाळला. अंगठा तिचाच होता. ओळख पटवणारे प्रतिष्ठित होते. साक्षीदार होते. नियमात नसूनही मामंजींनी आपणहून विचारलं, "बाई, पैसे पोचले ना?" ती म्हणाली, "पोचले." एकही कुलूप उघडं राहिलं नव्हतं.

मग आषाढात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, ती एकटीच बँकेत आली. चिखलाच्या पायांनी आत यायला बिचकत दारातच उभी राहिली. तिने शेवटचा अंगठा तिथे टेकवला होता, म्हणून ती तिथेच विचारायला आली होती. म्हणाली, "सायब, मी तं खंडाच्या पावतीचा अंगठा दिला व्हता. मंग माज्या शेतान दुसऱ्यांची आवनी कशी काय?"

तो कागद खंडाच्या, म्हणजे शेताच्या भाड्याच्या, पावतीचा नव्हताच. शेत कायमचं सोडल्याची ती तडजोड होती, आणि हातात पडले ते तिला वाटलं तसे मालकाने परत केलेले खंडाचे पैसे नव्हते, तर शेताची किंमत होती. आणि मामंजींना त्याहून अधिक काही ठाऊक होतं. त्याच सुमारास जमीनमालकाकडून बापूसाहेबांच्या खात्यात काय येऊन पडलं, हे त्यांच्याच टेबलावरून गेलं होतं. विरुद्ध बाजूचा पैसा, तिच्या बाजूच्या वकिलाकडे. ते गुपित मात्र ग्राहकाचं होतं आणि ग्राहक होते बापूसाहेब. समोर दारात उभी असलेली ओली बाई, आत छातीत कोंडलेलं सत्य, आणि दोघांच्या मध्ये एक शपथ. मामंजी एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या वकिलांना विचारा."

"त्यांनीच तं सांगतला, बँकेन जा," ती म्हणाली, आणि निघून गेली.

ते निवृत्त झाले तेव्हा घरात सर्वांनी आपापली स्वप्नं आधीच शिवून ठेवली होती. माझ्या यजमानांना ठाण्याला ब्लॉक घ्यायचा होता. सासूबाईंना गुडघ्यांवर इलाज करून घ्यायचा होता. आणि मामंजींनी एका सकाळी, चहाची बशी खाली ठेवता ठेवता सांगितलं, की मिळालेल्या पुंजीतला मोठा हिस्सा त्यांनी गावातल्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकला आहे. त्या संस्थेने तेव्हा नुकतेच कायद्याचे सकाळचे वर्ग काढले होते. मामंजींची देणगी वकिलीच्या नीतिधर्माच्या शिक्षणासाठी होती.

यजमानांनी आपला चहा संपवला. मग म्हणाले, "वकिलांना नीती शिकवणार, बाबा? मग पुढच्या वर्षी मांजरांना एकादशी शिकवा."

"शिकवा बाई," सासूबाई आतून म्हणाल्या, "निदान त्या निमित्ताने साबुदाणा तरी घरात येईल."

मामंजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. देणगीला त्यांनी एक अट घातली होती आणि त्यांचा सारा जीव त्या अटीत होता. दरवर्षी व्याख्यान व्हावं. पण व्यासपीठावर एक वकील आणि एक पक्षकार, तोही दावा हरलेला पक्षकार, असे दोघं शेजारी बसावेत, आणि दोघं बोलल्याखेरीज ते व्याख्यान पुरं झालं असं समजू नये. एक किल्ली ज्याला कायदा येतो त्याच्याकडे, दुसरी ज्याला कायदा भोगावा लागतो त्याच्याकडे. गावाला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. संस्थेच्या मंडळींनी मान डोलावली, कारण देणगी मोठी होती. आणि पहिल्या वर्षीचे वक्ते म्हणून, संस्थेचे उपाध्यक्ष या नात्याने, अर्थातच बापूसाहेब ठरले.

मला वाटलं, आता मामंजी चिडतील. ते उलट शांत झाले. भाद्रपदाच्या अखेरीस आभाळ एकदम उंच होतं आणि डोंगरांच्या कडा कापून काढल्यासारख्या स्वच्छ दिसतात, तशी ती शांतता होती. "पक्षकार मी सुचवतो," एवढंच ते म्हणाले.

खारबावला ते मला बरोबर घेऊन गेले, कारण मी त्याच कायद्याच्या वर्गाला जात होते. तिथे मला घातलंही त्यांनीच. सुनेला सकाळी डबे करू देत, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांपुढे ते पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले असं सासूबाई सांगत. आणि मी काय करत होते, तर कपाटाच्या आरशासमोर उभी राहून 'हे न्यायालय असा निर्णय देत आहे' हे वाक्य वेगवेगळ्या भुवयांनी म्हणून पाहत होते. बांधावरून चालताना माझे उंच टाचांचे सँडल चिखलात रुतले. ते उपसायला दोन बायका धावल्या, आणि भावी न्यायमूर्ती एका पायावर उभ्या राहून बगळ्यासारख्या वाट पाहत राहिल्या.

गोमीबाईने आम्हाला ओट्यावर घोंगडी अंथरून बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. मामंजी कपाकडे पाहत म्हणाले, "बाई, संस्थेत कार्यक्रम आहे. तुम्ही यायचं. तुमच्या बाबतीत जे घडलं, ते सांगायचं."

"कोनापुढं?"

"उद्या वकील होणार आहेत, त्या मुलांपुढे."

"आनी आजचं वकील?"

"तेही असतील. तुमच्या शेजारी."

तिने समोर पाहिलं. समोर, बांधापलीकडे, ते शेत होतं. लोंब्या भरू लागल्या होत्या आणि वारा त्यांच्यावरून परक्याच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा संकोचाने जात होता. मग म्हणाली, "येईन सायब. तुमी बोलवता म्हंजे येईन."

परतताना मी मामंजींना माझं ज्ञान ऐकवलं. म्हटलं, बाई अशिक्षित आहे, सभेत गांगरेल. काय बोलायचं ते तिला नीट सांगून, दोनदा म्हणवून घ्यायला हवं होतं. ते चालायचे थांबले. "साक्षीदाराला पढवायचं नसतं, सूनबाई," ते म्हणाले. "तसं केलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" आणि त्या संध्याकाळी, एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या पिवळ्या उजेडात, मी त्यांचा चेहरा जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचा इतका मोकळा पाहिला. भुवयांच्या मधली ती उभी रेघ पुसट झाली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांची सत्यं राखत आलेला माणूस, आता एक सत्य आपल्या पायांनी चालत चव्हाट्यावर येणार म्हणून वाट पाहत होता.

मार्गशीर्षातली सकाळ, सभागृहाच्या उंच खिडक्यांतून उतरणारं कोवळं ऊन, सतरंज्यांचा धुळकट वास, झेंडूच्या माळा. प्रास्ताविक माझं होतं. मी गंगावन लावून अंबाडा घातला होता आणि भाषणात 'सत्य' हा शब्द इतक्या वेळा पेरला होता की त्यातून एखादं तरी उगवायला हवं होतं. मग बापूसाहेब उठले. त्यांनी मामंजींना वंदन केलं, गोमीबाईला वंदन केलं, आणि मग वकिलाच्या धर्मावर असं काही बोलले की मागे बसलेल्या मुलांनीही खुसपुसायचं थांबवलं. अशील हा वकिलाच्या ओटीत घातलेला ठेवा असतो, असं ते म्हणाले. मी ते उतरवून घेतलं. खाली तांबड्या शाईने रेघ मारली. शाई वाळावी म्हणून वर फुंकरही घातली, अंगठ्याची गोष्ट कानावर असूनही, गाढव कुठली.

मग गोमीबाई उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. लांबून येणारा मागांचा आवाज काठावर आलेल्या पाण्यासारखा उभा राहिला. मामंजी पहिल्या रांगेत, किंचित पुढे झुकून बसले होते. आयुष्यभर लोक त्यांच्याकडे झुकले. त्या दिवशी ते झुकले. बापूसाहेबांनी पाण्याचा पेला हळूच तिच्याकडे सरकवला. अत्यंत सौजन्याने, झाकण काढून.

"मना बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "बापूसायब देवमानूस हाय. माजा शेत गेला तो माज्या नशिबान गेला. त्यांनी लई धावपल केली माज्यासाठी. त्यांचं उपकार हायेत."

ती बसली. टाळ्या पडल्या, त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या. बापूसाहेबांनी चष्मा काढून डोळे टिपले. मामंजी हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते. दिवा विझताना वाऱ्याला दोष देता येतो. इथे कोणीतरी अगदी काळजीपूर्वक वात खाली ओढली होती.

तिला एसटी स्टँडवर सोडायला मीच गेले. रस्ताभर माझा संताप उतू जात होता. शेवटी म्हटलं, "गोमीबाई, असं कसं बोललात? तुम्हाला काहीच कळलं नाही का तुमचं काय झालं ते?"

ती थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला. "मना समदा ठावं हाय, पोरी. तुला वाटतं तितकी मी खुलचट न्हाय. माजा पोरगा गनपत तुला ठावं हाय? कामतघरला मागावर कामाला हाय. थितं मारामारी झाली, त्यान पोलिसांनी त्यालाबी धरला. बापूसायबांनी जामिनावर सोरवला. आजून तारखा चालू हायेत."

"मग त्यांनी तुम्हाला धमकावलं?"

"न्हाय गं. परवा घरी आल्ते. चाय पिले. म्हनाले, बाई, तुला काय बोलायचा तो बोल, घाबरू नको. येवढाच म्हनाले." गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली. "तुजा सासरा लई चांगला मानूस. पन त्याला कोनाच्या दारान उभा ऱ्हावा लागत न्हाय ना."

पढवलं कोणीच नव्हतं. मामंजींनी नाही, बापूसाहेबांनीही नाही. त्या एकाच सभ्यतेची दोन टोकं धरून दोघांनी त्या बाईला मधोमध उभं केलं होतं, आणि त्यातला एकच जण ते जाणून होता.

मी घरी येऊन मामंजींना सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. ते झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. ऐकून झाल्यावर ते इतक्या हळू बोलले की मला पुढे झुकावं लागलं. "माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही बांधांचं पाणी एकाच पाटात गेलं होतं, सूनबाई. मला बोलता येत नव्हतं. मला वाटलं, तिला तरी बोलता येईल." बापूसाहेबांच्या खात्यातल्या त्या पैशांचं मला उमगलं ते एवढ्यावरूनच. त्या प्रकरणावर ते आयुष्यात बोलले ते इतकंच, आणि त्यांच्या हिशेबाने तेवढंही जास्तच असणार.

एवढी वर्षं मनात घोळवून मला जे दिसतं ते असं. बँकेतले ते दोघं किल्लीवाले एकाच नियमाला भीत, एकाच पगाराच्या तारखेची वाट पाहत. म्हणून त्यांच्या दोन किल्ल्या खरोखर दोन होत्या. मामंजींनी दुसरी किल्ली गोमीबाईच्या हातात ठेवली, पण तो हातच कोणाच्या मुठीत होता हे त्यांनी ओढून पाहिलं नाही. आणि खरं सांगू, मला त्यांचा रागही येतो. एक शपथ मोडली असती, त्या आषाढात दारात उभ्या असलेल्या बाईला एक वाक्य सांगितलं असतं, तर कोणतं आकाश कोसळणार होतं? मग वाटतं, ते वाक्य बोलणारा माणूस दुसराच कोणी झाला असता, आणि त्याच्यापाशी लोकांनी आपलं काहीच ठेवायला दिलं नसतं. दोन्ही खरं आहे. दोन्हींचा काही उपयोग नाही.

व्याख्यानं होत राहिली. पुढच्या वर्षी पक्षकार संस्थेनेच आणला. तो कृतज्ञ होता. त्याच्या पुढच्या वर्षीचा अधिक कृतज्ञ. एक तर बापूसाहेबांच्या कारकुनाचा साडू निघाला, दावा हरल्याचं त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की सासूबाई मला कोपर मारून म्हणाल्या, "याला जिंकवला असता तर रडला असता बिचारा." मामंजी दरवर्षी पहिल्या रांगेत जाऊन बसत. मार्गशीर्षामागून मार्गशीर्ष गेले, तोच काळा कोट खांद्यांवर सैल होत गेला, मान कॉलरमध्ये बुडत गेली. पण टाळ्या पडल्या की ते एकदाही हात उचलत नसत. इतक्या लोकांत ती न वाजलेली टाळी कोणाला ऐकू येणार. मला येत असे.

ते गेले आश्विनाच्या शेवटी, दुपारच्या झोपेत, कोणाला काही न सांगता. त्यांच्या बाबतीत वेगळं काही अपेक्षित नव्हतंच. शोकसभेत बापूसाहेब बोलले. मी या खेपेला काही उतरवून घेतलं नाही. त्याच सभेनंतरच्या बैठकीत असं ठरलं, की कार्यक्रम लांबतो, मुलांना वर्ग असतात, तेव्हा यापुढे वकिलांचं व्याख्यान तेवढं ठेवावं. कैलासवासी एजंटसाहेबांच्या नावाला त्याने कुठे बाध येत नाही. यजमान तिथे होते. त्यांनी विरोध केला नाही, होकारही दिला नाही. घरी येऊन म्हणाले, "आता भांडायचं ते कोणासाठी?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भाताच्या कापण्या आटोपल्यावर, सकाळच्या उन्हात गोमीबाई दारात उभी. डोक्यावर फडक्यात बांधलेलं नवं भात. तिच्याच जुन्या शेतात ती त्या वर्षी कापणीला मजुरीने गेली होती आणि मजुरीतलं भात घेऊन आली होती. मामंजी गेल्याचं तिला कळलेलंच नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "गनपत सुटला गं पोरी. निकाल लागला. आता मना कोनाची भीती न्हाय. सायबांना सांग, आता मी बोलतंय. परत कवा हाय ती सभा?"

मग तिला भिंतीवरचा फोटो दिसला, त्यावरचा हार दिसला. तिने फडकं हळूच खाली ठेवलं. सासूबाईंना तेव्हा नीट उठता येत नसे, त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आत ये बाई. बस. आम्ही ऐकतो, बोल तू."

ती आत आली, पण बसली नाही. ओटीवर, आम्हा दोघी बायकांसमोर, कोर्टात उभं राहतात तशी उभी राहिली आणि सुरुवातीपासून सगळं बोलली. अंगठा कुठे घेतला, कोण काय म्हणालं, आषाढात शेतात काय दिसलं, तिचं नशीब कोणी लिहिलं आणि कोणत्या हाताने. आवाज कुठे अडखळला नाही. बाहेर ऊन चढत होतं, माग चालू होते, रस्त्याने गाठोड्यांच्या हातगाड्या जात होत्या, आणि एक सबंध साक्ष, ती ऐकण्यासाठी ज्याने आयुष्याची पुंजी दिली त्याच्या घरात, दोन बायकांच्या मांडीवर येऊन पडत होती.

काळ माणसाला बोलायची मोकळीक देतो, पण बहुधा ऐकणाऱ्याला आधी उठवून नेल्यावर. आणि मागे राहिलेल्यांनी कितीही कान देऊन ऐकलं, तरी तिच्या बोलण्याची साक्ष होत नाही, नुसती आठवण होते.